अजिंठा वाचणारा डॉक्टर

मागच्या सेमिस्टरला आमच्या बॅचला सेमिनारचे विषय चिठ्ठ्या टाकून मिळाले. माझ्या चिठ्ठीत निघालं – प्राचीन संस्कृतींमधली वनस्पतीजन्य औषधं. मैत्रिणी हसल्या. कुणाला पॉलिमर मिळालं, कुणाला नॅनो, आणि मला झाडपाला! पण विषय सोपा आहे असं समजून मी एका रात्रीत स्लाइड्स तयार केल्या. इजिप्तचा एबर्स पपायरस, इ. स. पूर्व १५५० च्या आसपासचा, त्यात सातशेहून जास्त औषधी पाठ. मेसोपोटेमियाच्या मातीच्या विटा. चीनचा शेननोंग. ग्रीक डायोस्कोरिडीस, पहिल्या शतकातला, सुमारे ६०० वनस्पतींची माहिती लिहिणारा. एकदम इंटरनॅशनल वाटत होतं.

गाइड सरांनी सगळ्या स्लाइड्स शांतपणे बघितल्या आणि एकच विचारलं, की यात तुझ्या गावापासून शंभर मैलांच्या आतलं काय आहे? मी गप्प. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. नाईल नदी नकाशात डोळे मिटून दाखवता येईल, पण घराजवळची वाघूर कुठून येते हे मला बारावीपर्यंत माहीत नव्हतं. (अजिंठ्याच्या लेण्यांपाशी ज्या नदीचं वळण आहे ना, ती वाघूर. ती पुढे आमच्याच जामनेर तालुक्यातून जाते.)

त्या शनिवारी घरी गेले. आजीला विषय सांगितला, औषधी झाडं, जुने रोग वगैरे. आजी तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिने एक गोष्ट सांगितली, जी आमच्या घरात कुणीच कधी बोललेलं नव्हतं. तिच्या थोरल्या दिरांना रक्तपिती झाली होती, म्हणजे कुष्ठरोग. त्यांना मळ्यातल्या झोपडीत ठेवलं होतं. त्यांची थाळी वेगळी, लोटा वेगळा. वर्षातून एकदा एक वैदू यायचा आणि बाटलीत काळपट तेल देऊन जायचा. ते अंगाला चोळायचं आणि थोडं पोटात घ्यायचं. पोटात घेतलं की उलट्या व्हायच्या. पण बरं वाटतं म्हणून ते घ्यायचे. मग एका वर्षी वैदू आला नाही. तेल कशाचं होतं? आजीला माहीत नाही. वैदूने सांगितलं नव्हतं आणि घरातल्या कुणी विचारलंही नव्हतं. आमच्या घरच्या जुन्या फोटोंमध्ये हे आजोबा कुठेच नाहीत.

होस्टेलला परत आल्यावर मी लायब्ररीत त्या तेलाचा शोध घेत बसले आणि मला भेटले डॉ. भाऊ दाजी लाड. मुंबईत राणीच्या बागेशेजारी जे म्युझियम आहे, त्याच्या नावातले भाऊ दाजी. आपल्यापैकी बरेच जण सहलीला तिथे गेले असतील, पाटी वाचली असेल आणि प्राण्यांकडे पळाले असतील. मीही तशीच पळाले होते. म्हणून हा लेख.

भाऊ दाजींचं खरं नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. वडिलांना घरी दाजी म्हणायचे, म्हणून हे भाऊ दाजी. जन्म १८२२ च्या सुमारास, गोव्यात पेडण्याजवळच्या मांद्रे गावी. समुद्रकाठचं गाव, मागे डोंगर, झाडी. घरची परिस्थिती गरिबीची. वडील पोटासाठी मुंबईला आले आणि मातीच्या बाहुल्या, चित्रं करून विकू लागले असं सांगतात. पोरगा हुशार होता, पण त्याची हुशारी पहिल्यांदा लोकांच्या लक्षात आली ती अभ्यासात नाही तर बुद्धिबळात! त्याचा खेळ बघून एका इंग्रज साहेबाने वडिलांना गळ घातली की याला इंग्रजी शिकवा. असा हा मुलगा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये पोचला. (बुद्धिबळावरून कुणाला ॲडमिशन मिळाल्याचं आपल्याकडे ऐकलंय? इथे कॅरमवरून फक्त वॉर्डनची बोलणी मिळतात.)

एल्फिन्स्टनमध्ये त्यांनी शिक्षण घेतलं आणि मग तिथेच शिकवायलाही लागले. याच काळात काठियावाड आणि कच्छमध्ये मुलींना जन्मतःच मारण्याची जी प्रथा होती, तिच्यावर निबंधस्पर्धा जाहीर झाली. भाऊ दाजींच्या निबंधाला ६०० रुपयांचं बक्षीस मिळालं. त्या काळचे ६०० रुपये! विशीच्या पोराने असा विषय घेऊन तो नेटाने मांडला, यावरून त्यांच्या स्वभावाचा अंदाज येतो. जे झाकून ठेवलंय ते उघड्यावर आणायचं, हा तो स्वभाव. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. भाऊ दाजी शिक्षकाची चांगली नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी झाले आणि पहिल्या तुकडीत दाखल झाले. त्या काळी प्रेताला हात लावून शरीरशास्त्र शिकणं ही साधी गोष्ट नव्हती. घरचे, जातीचे, शेजारचे, सगळ्यांना तोंड द्यावं लागायचं. १८५१ मध्ये पहिली बॅच बाहेर पडली, अवघी आठ जणांची. पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग हेही त्याच आठांत होते. म्हणजे आपल्याकडच्या पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या डॉक्टरांची पहिली पिढीच ही.

डॉक्टर झाल्यावर भाऊ दाजींची प्रॅक्टिस बघता बघता वाढली. त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हेही ग्रँटमधूनच डॉक्टर झाले. दोघा भावांनी मिळून गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. दोघांना फोटोग्राफीचाही नाद होता, जेव्हा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी आणि काचेच्या प्लेट असायच्या. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन निघाली, आपल्या लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी मुंबईतली पहिली संस्था, तिचे भाऊ दाजी सेक्रेटरी होते. पुढे १८६९ आणि १८७१ अशा दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले. मुलींच्या शाळांसाठी त्यांनी पैसा आणि वेळ दोन्ही दिलं. राणीच्या बागेशेजारचं म्युझियम उभं राहावं म्हणून त्यांनी निधी गोळा केला. ते १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं आणि १९७५ मध्ये त्याला त्यांचं नाव दिलं गेलं.

१८६२ ची एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. करसनदास मुळजी नावाच्या पत्रकाराने वैष्णव महाराजांच्या गैरवागणुकीवर वर्तमानपत्रात लिहिलं. महाराजांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. तो महाराज लायबल केस म्हणून प्रसिद्ध आहे. अख्खी मुंबई त्यावर बोलत होती. या खटल्यात भाऊ दाजी साक्षीला उभे राहिले आणि महाराजांच्या गुप्तरोगाबद्दल एक डॉक्टर म्हणून जे माहीत होतं ते त्यांनी शपथेवर सांगितलं. महाराजांचे भक्त म्हणजे शहरातले बडे व्यापारी, सगळे पैसेवाले. अशा लोकांना दुखवून प्रॅक्टिस चालवायची म्हणजे छातीच लागते. पण इथेही तेच, झाकलेलं उघड्यावर आणायचं.

आता येऊ अजिंठ्याला. आमच्या जामनेरहून पहूरमार्गे एसटीने गेलं की साधारण तासाभराचा रस्ता. शाळेच्या सहली, लग्नाचे पाहुणे, अमेरिकेहून आलेले काका, सगळ्यांना आम्ही अजिंठाच दाखवतो. लेणी १८१९ मध्ये इंग्रज शिकाऱ्यांच्या नजरेस पडली. १८४४ पासून रॉबर्ट गिल तिथे चित्रांच्या नकला करत बसला होता. (गिलची कबर आपल्या भुसावळला आहे.) सगळ्यांचं लक्ष चित्रांकडे. पण भिंतींवर आणि खांबांवर कोरलेली, रंगवलेली जी अक्षरं होती ती कुणी वाचायची? कोणी केली ही लेणी, कधी केली, कशासाठी केली, याचं उत्तर त्या अक्षरांत होतं.

१८६० च्या दशकाच्या सुरुवातीला भाऊ दाजींनी अजिंठ्याचे शिलालेख हाती घेतले. अंधारात, वटवाघळांच्या वासात, झिजलेली अक्षरं बघायची, ठसे घ्यायचे, मग मुंबईला येऊन दिवसा पेशंट आणि रात्री संस्कृत. १६ व्या लेण्यातला लेख वाकाटक राजांची वंशावळ सांगतो. वाकाटकांचा मंत्री वराहदेव याने ते लेणं दान केलं हे त्यातून कळतं. हे वाचन भाऊ दाजींनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलमध्ये छापलं. त्यांच्याबरोबर जुनागढचा एक तरुण होता, भगवानलाल इंद्रजी. कॉलेजची डिग्री नसलेला, पण जुनी लिपी वाचण्यात तरबेज. भाऊ दाजींनी त्याला हाताशी धरलं, पगार दिला आणि देशभर शिलालेख गोळा करायला पाठवलं. हेच भगवानलाल पुढे जगप्रसिद्ध पंडित झाले.

आणि खानदेशच्या वाचकांसाठी खास गोष्ट. लीलावती लिहिणारे भास्कराचार्य आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण्याला, जिथे पाटणादेवी आहे, तिथल्या देवळात शके ११२८ मधली नोंद असलेला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला आणि राजाने त्याला देणगी दिली, असं त्यात लिहिलंय. आजोबांच्या पुस्तकांसाठी नातवाने काढलेलं कॉलेजच म्हणा ना! हा लेख विद्वानांच्या जगापुढे आणला तोही भाऊ दाजींनी, १८६५ मध्ये. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांचे काळ आणि ग्रंथ यांच्यावरचा त्यांचा निबंध त्याच वर्षी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. चाळीसगावचा दगड वाचला मांद्र्याच्या मुलाने आणि छापला लंडनने!

आता तुम्ही म्हणाल, यात औषध कुठे आहे? तेच सांगते.

ज्या नजरेने ते शिलालेख वाचत होते, त्याच नजरेने ते जुने वैद्यक ग्रंथही वाचत होते. त्यांच्या बॅचच्या डॉक्टरांपुढे दोन सोपे रस्ते होते. एक, इंग्रजी विद्या शिकलो, आता जुनं ते सगळं थोतांड. दोन, जुनं ते सगळं सोनं. भाऊ दाजींनी दोन्ही नाकारले. ग्रंथात एखाद्या झाडाचे गुण लिहिलेत ना, मग ते झाड शोधायचं, त्याचं औषध करायचं, पेशंटला देऊन नोंद ठेवायची. खरं ठरलं तर घ्यायचं, नाही तर सोडायचं. आपण लॅबमध्ये हेच तर करतो. (निदान जर्नलमध्ये तसं लिहितो तरी!)

कुष्ठरोग हा त्यांचा सर्वात मोठा विषय झाला. त्या काळी या रोगाला औषध नव्हतं. माणसाला घराबाहेर काढणं हाच इलाज. आणि सुश्रुतसंहितेत एका झाडाबद्दल लिहिलंय, त्याचं नाव तुवरक. पश्चिम समुद्राच्या किनारपट्टीवर ते वाढतं, पावसाळ्यात त्याची फळं घ्यायची, बियांतला गर काढून वाळवायचा, कुटायचा, तेल काढायचं, पाण्याचा अंश उडेपर्यंत तापवायचं, आणि मग पंधरा दिवस शेणाच्या ढिगात पुरून ठेवायचं. केमिकलवाल्यांनो, जरा बघा: कच्चा माल, ड्राइंग, साइझ रिडक्शन, ऑइल एक्स्ट्रॅक्शन, मॉइश्चर रिमूव्हल, एजिंग. आख्खा फ्लो चार्ट आहे! हे तेल प्यायल्यावर उलट्या-जुलाब होतात हेसुद्धा तिथे लिहिलेलं आहे. वाचताना मला मळ्यातले आजोबा आठवले.

तुवरक म्हणजे कोकण-गोव्याच्या जंगलात होणारं कडू कवठ. त्याला कवटी म्हणतात, खष्टही म्हणतात. आपण महाशिवरात्रीला ज्याची चटणी करतो ते कवठ हे नव्हे. फळ तसंच गोल आणि टणक, पण झाड पूर्ण वेगळं. शास्त्रीय नाव हिड्नोकार्पस. भाऊ दाजींच्या मांद्र्यामागच्या डोंगरांत वाढणारं. म्हणजे सुश्रुताने ज्या किनाऱ्याचा पत्ता दिला होता, त्याच किनाऱ्यावर हा मुलगा जन्मला होता. याच बियांचं तेल भाऊ दाजींनी कुष्ठरोग्यांना द्यायला सुरुवात केली. रोग्यांना फरक पडू लागला. नाव झालं, लांबून माणसं येऊ लागली.

आणि इथे, ज्या माणसाने आयुष्यभर झाकलेलं उघडं केलं, त्याने एक गोष्ट झाकून ठेवली. औषध कशाचं हे भाऊ दाजींनी जाहीर केलं नाही.

डॉक्टर मंडळींत यावर टीका झाली, आणि ती चुकीची नव्हती. गुप्त औषध देणं हे वैदूंचं आणि भोंदूंचं लक्षण, असं जी नवी पिढी म्हणत होती, तिच्यातलाच हा पहिल्या रांगेतला माणूस. त्याच मुंबईत त्याच काळात डॉ. हेन्री कार्टर कुष्ठरोगाचा अभ्यास करत होते. (ग्रेज् ॲनाटॉमीची प्रसिद्ध चित्रं काढणारे तेच कार्टर.) दोघांनी एकमेकांची वही बघितली असती तर? असं मनात येतंच.

भाऊ दाजींची बाजू मी खूप वेळ मनात घोळवली. हा रोग वर्षानुवर्षं चालतो. आज बरा दिसलेला पेशंट पाच वर्षांनी पुन्हा बिघडू शकतो. अर्धवट निकाल छापला आणि उद्या खोटा ठरला, तर आयुर्वेदही हसण्यावारी जाईल आणि आपणही. सावध शास्त्रज्ञाला ही भीती वाटणारच. शिवाय नाव कळलं की बाजारात कुणीही कसलंही तेल विकणार. ही भीतीही खोटी नव्हती. बंगालमध्ये असंच एक तेल होतं, चालमुगरा, आपल्या कवटीच्याच जातीतल्या झाडाचं. १८५४ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. मुअट यांनी ते डॉक्टरांपुढे आणलं. पण बाजारातलं बी नेमकं कुठल्या झाडाचं याचा घोळ १९०१ पर्यंत चालू होता. सगळे वेगळ्याच झाडाला चालमुगरा समजत होते.

हे सगळं मान्य. तरी माझं मत सांगते, लहान तोंडी मोठा घास आहे, पण सांगते. भाऊ दाजींनी अजिंठ्याचे लेख छापले तेव्हा त्यांच्या वाचनात चुकाही होत्या. अक्षरं झिजलेली, काही नावं चुकली. पण ते छापलेलं होतं म्हणून पुढे भगवानलालांनी ते तपासलं, ब्यूलरनी तपासलं, विसाव्या शतकात मिराशींनी तपासलं, आणि वाकाटकांचा इतिहास उभा राहिला. चूकसुद्धा कामाला आली, कारण ती उघड्यावर होती. औषधाचं तसं झालं नाही. ते बरोबर असून बंद वहीत राहिलं.

आणि वेळ कुणासाठी थांबत नाही. १८६५ मध्ये मुंबईचा शेअर बाजार कोसळला, त्यात भाऊ दाजींचीही कमाई बुडाली. नंतर प्रकृतीने साथ सोडली. मे १८७४ मध्ये ते गेले. वय पन्नाशीच्या जरासं पुढे. भगवानलाल तेव्हा त्यांच्याच कामासाठी नेपाळात होते. नॉर्वेच्या हॅन्सेनने कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला होता १८७३ मध्ये, म्हणजे भाऊ दाजी जिवंत असताना. आणि तो इजिप्तचा पपायरस, माझ्या पहिल्या स्लाइडवरचा, जर्मन पंडित एबर्सने छापला १८७५ मध्ये. तिकडे प्राचीन औषधांची पोथी जगापुढे आली, आणि इकडे तेच काम करणारा माणूस आपली वही न उघडता वर्षभर आधी निघून गेला होता.

त्यांचं औषध म्हणजे कवटीच्या बियांचं तेल होतं हे मागाहून लोकांना कळलं. त्यांचे निबंध १८८८ मध्ये कलकत्त्याला पुस्तकरूपाने निघाले, पण त्यात शिलालेख, राजे आणि कवी. रोगी नाहीत.

पुढची गोष्ट आपल्या केमिकलवाल्यांची आहे. १९०४ मध्ये लंडनला फ्रेडरिक पॉवर यांनी या तेलांतली आम्लं वेगळी करायला सुरुवात केली. एका टोकाला पाच कार्बनचं कडं आणि पुढे लांब साखळी, अशी त्यांची विचित्र रचना. तेल प्यायलं तर उलट्या, इंजेक्शन दिलं तर घट्टपणामुळे गाठी. हा प्रश्न सोडवला हवाईच्या ॲलिस बॉल हिने. १९१५ मध्ये तिने या आम्लांचे एथिल एस्टर केले, जे शरीरात सहज शोषले जातात. एस्टरिफिकेशन! जे आपण प्रॅक्टिकलला कंटाळत करतो तेच. ती तेव्हा २३ वर्षांची होती. पुढच्या वर्षी ती गेली, आणि तिच्या कॉलेजच्या अध्यक्षांनी तिचं नाव न घालता काम छापलं. १९२२ मध्ये एका सहकारी डॉक्टरने तिचं नाव लिहिलं म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. तिने लपवलं नव्हतं, तिच्या कामावरचं नाव दुसऱ्याने लपवलं.

हे तेल पूर्ण इलाज नव्हतं, हेही स्पष्ट सांगायला हवं. काहींना गुण यायचा, काहींना नाही. १९४० च्या दशकात सल्फोन औषधं आली आणि तेल मागे पडलं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत सांगितली, एमडीटी. सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. बहुतेक माणसांना हा रोग होतच नाही, कारण अंगातच प्रतिकारशक्ती असते. म्हणजे आजीच्या दिरांची वेगळी थाळी कधीच गरजेची नव्हती. २००५ च्या अखेरीस भारतात रोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं, पण रोग संपलेला नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका, दवाखान्यात जा. होस्टेलमध्ये शर्ट काढून फिरणाऱ्यांनी तरी एकमेकांच्या पाठीकडे बघावं!

सेमिनार झाला. मार्क बरे पडले. शेवटची स्लाइड पपायरसची ठेवली नव्हती, अजिंठ्याच्या १६ व्या लेण्याची ठेवली होती. सर म्हणाले काहीच नाहीत, फक्त मान हलवली. त्यांची मान हलली म्हणजे खूप.

दिवाळीत घरी गेले तेव्हा मी आजीला सांगितलं की तेल बहुतेक कोणत्या झाडाचं असेल. खात्री नाही, वैदू काय देत होता कोण जाणे. पण नाव ऐकून ती जरा वेळ गप्प बसली. मग तिने पहिल्यांदा त्या आजोबांचं नाव सांगितलं. तोपर्यंत मला तेही माहीत नव्हतं. मी ते वहीत लिहून घेतलं.

मुंबईला कधी गेलात तर राणीच्या बागेआधी त्या म्युझियममध्ये जा. भाऊ दाजी लाड ही पाटी नीट वाचा. आणि तुमचं कुणाचं प्रोजेक्ट अर्धवट असेल, निकाल पक्के नाहीत म्हणून वही उशीखाली असेल, तर माझी विनंती आहे. जे झालंय ते तारखेसह लिहा आणि कुणाला तरी दाखवा. चुकलं असेल तर पुढचा दुरुस्त करेल.

– टी. ई. (केमिकल), मुलींचे वसतिगृह